बोट काढायचं नाही

त्या घरातले दोघे भाऊ बाजारात दारं-खिडक्यांचं सामान विकायचे. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, कुलपं, हँडलं, म्हणाल ते. आणि त्यांच्याच घरातल्या बाथरूमच्या दाराचं हँडल कित्येक महिने मोडून पडलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दार एकदा खटकन बसलं की आतून उघडायची सोयच नाही. बाहेरून कुणीतरी भोकात पेचकस घालून कुलपाची जीभ मागे सारायची, तेव्हा आतला माणूस सुटणार. सांगून सांगून थोरल्या सुनेचं तोंड दुखलं. नवरा म्हणायचा, "उद्या आणतो." त्याचा उद्या काही उजाडला नाही. शेवटी घरानं एक रीत पाडून घेतली. आंघोळीला जाताना दाराच्या फटीत लाकडी पाचर अडकवायची, दार बोटभर किलकिलं ठेवायचं आणि बाकीच्यांनी तिकडे फिरकायचं नाही.

त्या दिवशी सकाळी भाऊ दुकानात गेले होते आणि घरात तिघीच होत्या. सासूबाई बाहेरच्या खोलीत, थोरली स्वयंपाकघरात कणीक मळत आणि धाकटी बाथरूममध्ये. तेवढ्यात आतून हाक आली, "ताई!"

थोरलीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. का नाही करणार? दोघी जावांचं बोलणं बंद होऊन चांगला हिवाळा सरून उन्हाळा आला होता. काय हवं-नको ते सासूबाईंच्या मार्फत चालायचं. आणि आज साबण संपला असेल म्हणून बाईसाहेबांना ताई आठवली. बस म्हणावं ओरडत.

"ताई, रक्त!"

हे ऐकल्यावर मात्र थोरली कणकेच्या हातानंच धावली. दार ढकलून आत घुसली, पाय पाचरीला लागला, पाचर उडून कोपऱ्यात गेली आणि मागे दार खटकन बसलं. तिनं ते ऐकलंसुद्धा नाही. समोर जे होतं ते पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. डाव्या दंडाला तिनं टॉवेल गुंडाळला होता, तो लालभडक झाला होता आणि त्याच्या टोकातून धार लागली होती. फरशीवर रक्त, बादलीवर रक्त, एक फवारा थेट आरशापर्यंत गेलेला. "थांबतच नाहीये," ती म्हणाली. आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

धाकटीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दिवसाआड दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, ते डायलिसिस, त्यावर ती जगत होती. त्यासाठी सर्जननं तिच्या दंडातली एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडून दिली होती. याला तिथे फिस्टुला म्हणतात. जोडल्यावर ती शीर चांगली करंगळीएवढी फुगते आणि मशीनच्या जाड सुया तिच्यात घालता येतात. वर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. जगायचं दार म्हणा ना ते. पण त्या शिरेतून धमनीच्या जोरानं रक्त पळतं, आणि ती फुटली तर माणूस बघता बघता रिकामा होतो.

थोरलीला हे सगळं माहीत होतं, कारण सुरुवातीचं वर्षभर धाकटीसोबत तीच जायची. डायलिसिसच्या मोठ्या सिस्टरनं तिला शेजारी उभं करून, तिच्याच हातावर दाबून दाबून शिकवलं होतं. "टॉवेल गुंडाळायचा नाही. टॉवेलानं रक्त दिसत नाही एवढंच, थांबत नाही. भोक कुठंय ते बघायचं, त्यावर एक बोट ठेवायचं आणि दाबायचं. हात वर धरायचा. मग दुनिया बुडाली तरी बोट काढायचं नाही."

थोरलीनं टॉवेल ओढून फेकला. फस्सकन रक्त तिच्या तोंडावर आलं. तिनं डोळे मिचकावले, धार कुठून येतेय ते पाहिलं आणि कणकेनं माखलेला अंगठा तिथे रोवला. धार थांबली. इतकी पटकन थांबली की तिला स्वतःलाच खरं वाटेना.

"आडवी हो. पाय या बादलीवर ठेव. हात वर."

धाकटी निमूट आडवी झाली. थोरलीनं पायानंच बादली पालथी करून तिच्या पोटऱ्यांखाली सरकवली, रॅकवरचा कोरडा टॉवेल डाव्या हातानं ओढून तिच्या उघड्या अंगावर टाकला आणि तिचा दंड आपल्या गुडघ्यावर उंच टेकवून बसली. मग "आई, गाडी बोलवा!" असं ओरडायला तिनं मान वळवली आणि तिला बंद दार दिसलं.

"अरे देवा," ती म्हणाली.

मोबाइल स्वयंपाकघरात, ओट्यावर. आतून काही करता येण्यासारखं नव्हतं. हँडलच्या जागी नुसतं भोक. एखादी कात्री-बित्री घालून खटपट करावी तरी दोन हात लागणार, आणि तिचा एक हात आता तिचा राहिला नव्हता.

"आई! ओ आई!"

सासूबाईंना अर्धंच ऐकू यायचं, आणि तेही त्यांच्या सोयीचं. बऱ्याच हाका झाल्यावर वॉकरची टकटक दाराशी आली.

"दोघी आत काय करताय?" सासूबाईंनी विचारलं. "बोलायला लागलात वाटतं."

"आई, हिचा हात फुटलाय. रक्त चाललंय. दार लागलंय. तुमच्या फोनवरून दुकानात लावा!"

सासूबाईंच्या फोनला मोठी बटणं होती आणि एक दाबलं की थोरल्याला लागायचा. त्यांनी एक दाबलं. बाहेरून त्यांचा आवाज आला, "अरे, ऐक. बाथरूमचं दार बंद झालंय, तुझी बायको आत..." मग शांतता. मग, "ठेवला गं त्यानं. म्हणाला, गिऱ्हाईक आहे, संध्याकाळी हँडल नक्की आणतो."

थोरलीच्या तोंडून नवऱ्यासाठी जे शब्द निघाले ते सासूबाईंना ऐकू आले नाहीत हे बरं झालं. "परत लावा!" ती किंचाळली. परत लावला तर तो उचलेनाच, आणि दुसरा नंबर लावणं सासूबाईंना जमत नव्हतं.

"गॅलरीत जा. खालच्या इस्त्रीवाल्याला हाक मारा. वर ये म्हणावं, माणूस मरतंय म्हणावं!"

टकटक लांब गेली. वॉकर घेऊन त्या खोलीतून गॅलरीपर्यंत जायचं म्हणजे सासूबाईंचा एक प्रवासच. आत दोघीच उरल्या. वरच्या झरोक्यातून पांढरट उजेड येत होता. पाय पसरायलाही जागा नव्हती. धाकटीचं डोकं कमोडच्या बुडाशी आणि थोरलीची पाठ ओल्या भिंतीला. नळ टपटपत होता. अंगठ्याखाली ती शीर थडथडत होती आणि थोरलीला वाटत होतं, ही आपल्यालाच बाहेर ढकलतेय.

"ताई, पाणी," धाकटी म्हणाली.

पाणी! याच पाण्यावरून तर सगळं बिनसलं होतं. किडनी चालत नसली की पाणी बाहेर पडत नाही, म्हणून घोटाघोटानं मोजून प्यायचं असतं. एकदा उकाड्याच्या दिवसांत धाकटीनं चोरून तांब्याभर पाणी प्यायलं आणि थोरलीनं ते सगळ्या पेशंटांच्या देखत डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर तिला नको नको ते बोलले. बाहेर आल्यावर धाकटी थरथरत म्हणाली होती, "मी आजारी आहे ताई, कैदी नाही. आणि तुम्ही जाऊ आहात, जेलर नाही." थोरलीच्या ते जिव्हारी लागलं. नसती उठाठेव करायला सांगितलीय कुणी मेली, असं म्हणून तिनं दुसऱ्या दिवसापासून जाणंच बंद केलं. मग धाकटीचा नवरा तिला सोडायचा आणि दुकानात पळायचा.

"पाणी नाही," थोरली आता म्हणाली. "ऑपरेशन करतील, पोट रिकामं पाहिजे. आणि नळ माझ्या हाताला येत नाहीये." मग तिनं डावा हात नळातून टपकणाऱ्या थेंबाखाली धरला, जेमतेम पोचला, आणि ओली बोटं धाकटीच्या ओठांवरून फिरवली. "घे. याच्यावर भागव."

धाकटी जिभेनं ओठ चाटत राहिली. तिचा चेहरा कागदासारखा दिसत होता.

"झोपू नकोस. बोल माझ्याशी. हे फुटलंच कसं? तिथे खपली होती?"

धाकटीनं डोळे मिटून घेतले.

"अगं, विचारतेय मी!"

"होती. बरी होत नव्हती."

"कधीपासून?"

"झाला असेल महिना. आंघोळ करताना निघायची, थोडं रक्त यायचं, दाबलं की थांबायचं. दोन-तीनदा झालं."

सिस्टरनं हेही सांगितलं होतं. खपली मोठी होतेय, कातडी चकचकीत पातळ दिसतेय, मधूनच रक्त येऊन थांबतंय, तर ती धोक्याची घंटा. त्याच दिवशी सर्जनकडे जायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर हा हात बंद केला असता. मग मानेत नळी घालतात. मला नको ती नळी." ती थांबली, श्वास घेतला. "आणि सुया तिथेच घ्यायचे मी. दर खेपेला तिथेच. तिथे दुखत नाही ना आता."

ही चूक या मशीनवाल्यांचीच, दुसऱ्या कुणाला सुचायची नाही. एकाच जागी टोचून टोचून तिथली कातडी बधिर होते, म्हणून पेशंट म्हणतो इथेच टोचा, आणि गर्दीच्या दिवशी टोचणाराही म्हणतो, बरं. वर्षभर थोरली दर खेपेला ओरडायची, जागा बदला, जागा बदला. ती जायची थांबली आणि ओरडणारं कुणी उरलं नाही. हे लक्षात आलं तसं तिला रडूच कोसळलं. एका हातानं दाबतेय आणि दुसऱ्या हातानं नाक पुसतेय अशी तिची अवस्था.

"माझ्या रागापायी झालं हे सगळं," ती म्हणाली. "मीच करंटी."

बाहेरून सासूबाईंची अस्पष्ट हाक येत होती, "अहो इस्त्रीवाले! अहो!" आणि रस्त्यावरून एक मोटार कर्कश्श हॉर्न देत गेली.

"ताई, सोडा ना आता."

"काय सोडू?"

"बोट."

थोरलीला वाटलं दाबल्यानं दुखतंय म्हणून म्हणतेय. "दुखू दे थोडं," ती म्हणाली.

"दुखत नाहीये. कंटाळा आलाय. एक दिवस मशीन, एक दिवस नुसतं पडून राहायचं, परत मशीन. कुठे जाता येत नाही, काही पिता येत नाही. यातून सुटका कधी? मघाशी रक्त गेलं ना, तेव्हा घाबरले मी, हाका मारल्या. पण आता बरं वाटतंय. हलकं वाटतंय. सोडा." आणि तिनं दंड जरासा ओढला.

अंगठा निसटला. क्षणभरच, पण तेवढ्यात धार थोरलीच्या गळ्यापर्यंत आली. तिनं दोन्ही गुडघ्यांनी तो हात आवळला आणि सगळं अंग टाकून अंगठा पुन्हा रोवला. भीती वाटली की तिला राग यायचा, ही तिची जन्माची खोड.

"परत हात ओढलास तर थोबाड फोडीन! सोडा म्हणे! मी काय इथे हौसेनं बसलेय? माझी कंबर धरलीय, अंगठा बधिर झालाय, बाहेर कणीक वाळतेय! तुला जायचंय तर मला का बोलावलंस मग?"

धाकटी रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी डोळ्यांच्या कडांनी कानात जात होतं. "कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "हे मी बोलले ते. आणि खपलीचंही. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

"आधी हात हलवणार नाहीस म्हण."

"नाही हलवणार. शपथ घ्या."

"घेतली बाई, तुझ्या गळ्याची शपथ. आता गप पड."

इस्त्रीवाला आला एकदाचा. आता पेचकस हवा. ज्या घरचं दुकान पेचकसांनी भरलेलं, त्या घरात एक पेचकस सापडेल तर शपथ! सासूबाईंनी एकामागून एक खण उपसले. शेवटी त्यानं स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि भोकात घालून खुटखुट सुरू केली. "परका माणूस आत येतोय, अंग झाका गं," सासूबाई ओरडल्या. "झाकलंय!" थोरली खेकसली. सुरीचं टोक मोडलं. त्यानं दुसरी घेतली. खट् झालं आणि दार उघडलं. त्या माणसानं आत पाहिलं आणि मटकन खालीच बसला. पण खिशातून फोन काढून त्यानं गाडी बोलावली ती बसल्या बसल्याच, एवढं श्रेय त्याच्या पदरात घातलं पाहिजे.

गाडीत, स्ट्रेचरवर, लिफ्टमध्ये, थोरली त्या दंडाला चिकटूनच राहिली. लिफ्टमध्ये तिला स्ट्रेचर आणि भिंत यांच्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. इमर्जन्सीमध्ये रक्तवाहिन्यांच्या सर्जन आल्या. उंच, घाई न करणाऱ्या बाई. त्यांनी धाकटीच्या दंडावर वरच्या बाजूला पट्टा चढवून तयार ठेवला, हातमोजे घातले आणि म्हणाल्या, "छान धरलंत. मी सांगेन तेव्हा हळूच काढा."

काढायचं म्हटलं तर अंगठा सरळच होईना. सिस्टरनं तो धरून उचलला. खाली काळपट गुठळी दिसली. रक्त आलं नाही.

"थांबलंय," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "एक टाका घाला डॉक्टर. मी घरी जाते."

"याआधी कधी असं आलं होतं रक्त?" सर्जननी विचारलं. "खपली निघून वगैरे?"

"नाही. कधीच नाही. आज पहिल्यांदाच."

आणि तिनं थोरलीकडे पाहिलं. डोळ्यांत सगळं होतं. शपथ, गळ्याची.

थोरली शपथा मानणारी बाई. देवाधर्माचं फारसं काही करत नसे, पण गळ्याची शपथ मोडली तर त्या माणसाला अपाय होतो, हे तिच्या आजीपासून तिच्या हाडात मुरलेलं. शपथ मोडावी तर ही मरणार. पाळावी, तर एका टाक्यावर घरी येणार आणि झोपेत फुटून मरणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि बोलली तर पुन्हा चहाडखोर, पुन्हा जेलर, आणि या खेपेला बोलणं बंद ते कायमचं. सर्जन सिस्टरकडे वळून दोरा मागायला लागल्या होत्या.

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली. आवाज फाटला तिचा. "महिनाभर खपली आहे. दोन-तीनदा रक्त आलंय. सुया तिथेच टोचून घेते. तिचं काही ऐकू नका, डॉक्टर."

"ताई!" धाकटी म्हणाली. ती हाक थोरलीच्या काळजातून आरपार गेली.

सर्जननी दोरा ठेवून दिला. दिवा ओढून जवळ घेतला, गुठळीच्या कडेची कातडी पाहिली. "ही खपली नव्हती, बूच होतं," त्या म्हणाल्या. "खाली कातडीच उरलेली नाही. टाका घातला असता तर तो कागदाला घातल्यासारखा झाला असता. थिएटर तयार करा. आत्ता." धाकटीला नेताना तिनं मान फिरवून घेतली.

ऑपरेशन झालं. फाटलेला भाग काढून टाकावा लागला, दोन्हीकडून शीर बांधून टाकली. हात वाचला, जीव वाचला. मानेत नळी आली ती आलीच. दुसऱ्या हातात नवा फिस्टुला होईतोवर तिच्यावरच भागवायचं होतं. दोघे भाऊ वॉर्डबाहेर मान खाली घालून बसले होते. थोरला बायकोला म्हणाला, "हँडल आणलंय गं." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून चहा आणायला गेला.

थोरली आत गेली. उभीच राहिली. बस म्हणायला कुणी नव्हतं. धाकटी छताकडे बघत होती, मानेच्या पट्टीमुळे तिला तसंही दुसरीकडे बघता येत नव्हतं.

"सांगितलंत," धाकटी म्हणाली.

"सांगितलं."

"शपथ घेतली होतीत."

"घेतली होती. मोडली. तुला काय बोलायचंय ते बोल, नाहीतर बोलू नकोस. जिवंत राहून नाही बोललीस तरी चालेल मला."

पलीकडच्या खाटेवरची बाई खोकत होती. "आणि दुसरं?" धाकटीनं विचारलं. "दुसरं जे बोलले ते?"

"ते नाही सांगितलं."

"का?"

"ते रक्ताचं नव्हतं म्हणून. ते तुझं होतं. मला धीर झाला नाही."

चादरीवरची धाकटीची मूठ उघडली, मिटली. "डॉक्टर मघाशी येऊन गेल्या," ती म्हणाली. "विचारत होत्या, कसं वाटतंय. मी म्हटलं, बरं. तोंडातून दुसरं निघतच नाही हो माझ्या. सगळ्यांना बरंच म्हणते." तिनं एक मोठा श्वास घेतला. "ते पण सांगा ना ताई. तुम्हाला येतं सांगता. मला नाही येत."

थोरलीनं तोंडावरून हात फिरवला. तिचा अंगठा अजून वाकडाच होता. मग ती दारापर्यंत गेली आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा तिच्या त्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, डॉक्टरांना बोलवा जरा. आमच्या हिला बरं वाटत नाहीये."